वासूनं चाळलेली चुरी

वैशाखात अकोल्याला जाऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सुनेनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आमच्याकडे दूध घालतो त्या माणसानंसुद्धा चार वेळा सांगितलं. मी तेल्हाऱ्याची लेक, त्याच उन्हात वाढलेली, मला उन्हाची काय भीती दाखवता, असं म्हणून मी निघाले. परत येऊन आता तीन आठवडे झाले. ऊन खरंच फार होतं, पण उन्हानं मला काही केलं नाही.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माहेर तेल्हारा, सासर सांगली. इकडे येऊन पन्नास वर्षं होत आली. शाळा सातवीपर्यंत. यजमान गेल्यावर घरात करायला काही उरलं नाही, तेव्हा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मातीची भांडी करायला लागले. कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर बघून आणि फोडून फोडून शिकले. नुसती माती भाजली की कुंडीसारखी तांबडी आणि खरखरीत राहते. लोणच्याच्या बरणीवर जो काचेसारखा गुळगुळीत थर असतो ना, तो वेगळा चढवावा लागतो. त्याला झिलई म्हणतात. बाजारात तयार मिळते, पण ती लावली की सगळ्यांची भांडी एकाच घरची दिसतात. मला ते पटेना.

चौदा वर्षांपूर्वी भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ वासुदेव सांगलीला आला. वासू अकोल्याजवळ एका गिट्टीखदानीवर मुनशी, म्हणजे हिशेबाचा कारकून, होता. तिथं काळा दगड फोडून गिट्टी, म्हणजे खडी, करतात. मोठी गिट्टी, बारीक गिट्टी, आणि शेवटी राहते ती चुरी. चुरी आता वाळूच्या जागी बांधकामाला जाते. पण यंत्राच्या पट्ट्याखाली जी अगदी बारीक भुकटी साचते, ती कुणी नेत नाही. वारा आला की ती शेजारच्या कपाशीवर जाऊन बसते आणि शेतकरी भांडायला येतात. त्यातली चिमूटभर वासूच्या चपलेच्या खाचेत अडकून माझ्या अंगणात आली. मी गंमत म्हणून ती पाण्यात कालवून एका फुटक्या तुकड्याला लावली आणि भट्टीत ठेवली. तुकडा बाहेर आला तो चिंचोक्यासारखा, काळसर तांबूस, तुकतुकीत. दगडात लोखंड असतं, त्याचा तो रंग. पुढं त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, राख मिसळून पाहिली, तर काठावर गुळाच्या पाकाचा रंग उतरला. वस्तू कचऱ्यातल्या, दोन्ही माझ्या माहेरच्या, आणि त्यांची मिळून ही झिलई. मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

मी वासूला फोन केला. म्हटलं, "तुमच्या खदानीचा कचरा मले पाठव. पण पिठासारखा बारीक पाहिजे, कणी नको." तेव्हापासून दर वर्षी दोन पोती ट्रॅव्हल्सच्या डिकीतून यायची. पिठासारखी. हात घातला तर मऊ लागायची. आम्ही तिला चुरीच म्हणायचो म्हणून मीही लिहिताना 'वासूची चुरी' असंच लिहिणार आहे, तुम्ही ती भुकटी समजा.

कार्तिकात वासू गेला. छातीत धूळ बसली, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, मला कुणी नेलं नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ती तरी चुकवायची नाही, असं मी ठरवलं होतं. त्यानं पाठवलेल्या शेवटच्या पोत्यातली चुरी वापरून मी एक घागर केली आणि ती मांडीवर घेऊन गाडीत बसले.

आणि मला एक विचारायचं होतं. वासू मुनशी होता. ट्रक तोलायच्या काट्यावर, काचेच्या खोलीत बसायचा, यंत्रापासून लांब. मग त्याच्या छातीत एवढी धूळ गेली कुठून?

गाडीतून अमरावतीला

गाडीचं फार सांगत नाही. बसून पाय सुजतात, एवढंच. पण एक गंमत झाली. घागर मी पांढऱ्या पंच्यात बांधली होती, फुटू नये म्हणून वरून सुतळीचे फेरे. समोरच्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

मी म्हटलं, "भाऊ."

झालं. बाईंनी खिडकीची जागा सोडली. शेजारच्या माणसानं आपली डब्यातली मटणाची भाजी परत झाकली आणि पलीकडे जाऊन जेवला. एका म्हाताऱ्यांनी उतरताना घागरीला हात जोडले. आत अस्थी नव्हत्या, नुसती हवा होती. पण मी कुणाला काही बोलले नाही. नमस्कार चुकीच्या जागी गेला असं मला वाटलं नाही.

बडनेऱ्याला उतरले तर स्टेशनाबाहेर दहा-बारा मुली स्कूटी घेऊन उभ्या. सगळ्यांची डोकी-तोंडं दुपट्ट्यानं गुंडाळलेली, वर काळे चष्मे. माझी भाची अर्चना कोणती, मला समजेना. त्यातली एक ओरडली, "आत्या, इकडं पाह्य ना, मी इकडं हाये."

"अगं, तोंड झाकल्यावर मी ओळखू कशी?"

"आता पावसाळ्यापर्यंत इथं कोणाचंच तोंड दिसत नाई. बस मागं. अन् थे घागर मधात धर."

सांगलीत असं कुणी आत्याला म्हणालं तर आत्या घरी परत जाईल. आमच्याकडे 'बसा ना, सांभाळून' असं असतं. पण मला इतकं बरं वाटलं की बस्स. वऱ्हाडी बोलणं सोललेल्या उसासारखं असतं, वर साल ठेवतच नाहीत.

अर्चना ही वासूची एकुलती एक मुलगी. अमरावतीला राहते, चांदूर बाजारच्या शाळेत शिकवते. घरी जायच्या आधी तिनं मला गिला वडा खायला घातला. उडदाचे वडे, वर पातळसर दही, वर चटण्या. मला वाटलं आपल्यासारखा दहीवडा असेल, तर त्याचं तिखट मागून आलं. डोळ्यांतून पाणी काढत मी पदर शोधला आणि पदरच दह्यात बुडालेला. अर्चना हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि म्हणाली, "बाबाले इथलाच लागे. दवाखान्यात होते तवा बी आणला होता. दोन घास खाल्ले."

मी तेवढ्यात विचारलं. "डॉक्टर नक्की काय म्हणाले गं?"

"फोटो काढला छातीचा. म्हणे, हे मशीनवर काम करत होते का? आमी म्हटलं, नाई, काट्यावर. एसीच्या कॅबिनमधी. त थे पुन्हा पुन्हा थेच विचारत. विडी? नाई. गिरणी? नाई. शेवटी म्हणाले, धूळ हाये, बारीक धूळ. कुठून आली थे मले सांगता येत नाई."

"मग तुम्ही काय समजलात?"

"समजायचं काय, आत्या. खदान म्हटली का धूळ आली. कॅबिनमधी बी येतच असन."

मला ते पुरं पटलं नाही, पण पटवून घेतलं. माणूस प्रवासाला आलं की थोडं पटवून घेतं.

चांदूर बाजार

दुसऱ्या दिवशी अर्चनाबरोबर चांदूर बाजारला गेले. सकाळी सातलाच निघालो, कारण अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. मोर्शीकडचा हा सगळा भाग संत्र्याचा. बागांमधल्या झाडांची खोडं गुडघ्याइतकी पांढरा लेप लावलेली, दुरून पाहिलं की शाळेतली मुलं मोजे घालून रांगेत उभी आहेत असं वाटतं. झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं होती. मधेमधे काळी उघडी शेतं, त्यांच्या भेगांत माझी काठी रुतली असती. आणि बांधाबांधांवर पऱ्हाटीचे ढीग. सांगलीला रस्त्याकडेला उसाचं पाचट दिसतं, इथं पऱ्हाटी. मी त्यातल्या काड्यांकडे राख म्हणून बघत होते. या धंद्यात पडल्यापासून माझी नजरच तशी झाली आहे, प्रत्येक वस्तू जाळली तर काय होईल ते आधी दिसतं.

बाजारात अखजीच्या घागरींची रास लागली होती. तांबड्या, नुसत्या भाजलेल्या. एक कुंभारीण बोटाच्या पेरानं एकेक घागर वाजवून देत होती.

"घ्या बाई, अखजीची घागर."

"आमची आहे," मी म्हटलं. "मी स्वतः केली."

"तुमी काय कुंभार हात का?"

"नाही, पण करते." आणि मी मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं फोन हातात घेऊन, सावलीत धरून नीट पाहिला. कारागिराचं बघणं लगेच कळतं. ती आधी रंगाकडे नाही, तळाकडे आणि तोंडाकडे बघत होती.

"झ्याक हाये. कायनं चमकते?"

"खदानीच्या भुकटीनं. माझ्या भावाच्या खदानीच्या. त्याच्याच नावानं भरायची आहे."

"पाझरते का?"

"एक थेंब नाही," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. झिलई कुठंही न तडकता बसली, हे माझं कौतुकाचं होतं.

तिनं फोन परत दिला. "मंग पाणी गरमच राहीन ना बाई. पाझरली तरच थंड होते. या उन्हात तुमी त्याले गरम पाणी पाजसान का?"

अर्चना दुसरीकडे बघायला लागली. तिला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि ती बोलली नव्हती. चौदा वर्षं झिलई करणारी बाई मी, आणि घागर कशासाठी असते तेवढंच विसरले होते. मी कुंभारणीकडून तांबडी घागर घेतली. तिनं वाजवून दिली. परत येताना अर्चना म्हणाली, "तुझी घागर लोणच्याले होईन, आत्या. आई खूश होईन." मी म्हटलं, होईल.

अकोला, खदान

अखजीच्या आदल्या दिवशी आम्ही अकोल्याला आलो. वासूची बायको सिंधू स्टेशनाजवळच्या घरी एकटीच राहते. तिच्याकडे जायच्या आधी मी अर्चनाला म्हटलं, मला खदान दाखव. ती म्हणाली, काहून? मी म्हटलं, चौदा वर्षं जिथली चुरी वापरली ती जागा एकदा बघू दे. खरं कारण मी तिलाही सांगितलं नाही.

पातूर रस्त्याला रिक्षा वळली आणि एक टेकडी दिसली, अर्धी. सुरीनं खरवस कापावा तशी कापलेली. खाली यंत्र, त्याचे वर चढत गेलेले पट्टे, आणि पलीकडे कडुलिंबाची तीन झाडं. वैशाखात कडुलिंब कसा हिरवागार असतो. ही तिन्ही झाडं राखाडी होती. त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला बंद होतं म्हणून बोलता तरी आलं.

यंत्रावरचा जुना माणूस सलीमभाई, साठीचा, आम्हाला पाहून खाटेवरून उठला.

"वासूभाऊच्या अक्का ना तुमी? सांगलीवाल्या? बसा, बसा. तुमच्या बरणीतलं लोणचं खाल्लं हाये मी. अर्चना बेटी, चाय सांग थ्या पोराले."

चहा पिता पिता तो वासूबद्दल बोलत होता. वासू काट्यावर कसा कडक होता, ड्रायव्हर लोकं त्याला कलेक्टर कसे म्हणायचे, दुपारी डबा खाताना खिडकी कशी बंद करून घ्यायचा.

"मी तीस साल मशीनवर, बाई. खोकला हाये, पण जिता हाओ. अन् थो खिडकी लावून बसणारा गेला. आता याले काय म्हणावं. आमी त्याले चिडवो, साहेब, तुमी त शंभर वर्सं जगता."

मी विचारलं, "सलीमभाई, तो मला पाठवायचा ती चुरी यंत्रातून कुठं पडते?"

"कोणती?"

"ती पिठासारखी. पोत्यात भरून पाठवायचा."

सलीमभाई मला पट्ट्याखाली घेऊन गेला. वाकून त्यानं एक मूठ उचलली आणि माझ्या तळहातावर ओतली. भुकटी होती, पण तिच्यात कणी होती, बोटांना टोचत होती.

"इथं अशी भेटते. पिठासारखी इथं कशी भेटन? शनिवारी थो पोतं भरून गाडीवर घरी ने. मी म्हणो, अरे अशीच पाठव ना, तिकडं चाळतीन. त म्हणे, अक्कानं बारीक सांगतली हाये. घरी बसून करतो."

मी हात झटकला. झटकला तर धूळ उडाली आणि अर्चनाला ठसका लागला.

आता मला एक सांगायचं आहे. बाकी सगळं मी गावाहून आल्याबरोबर लिहून काढलं होतं, एवढ्याच जागेशी कागद तीन आठवडे पडून राहिला.

दगडाची भुकटी कोरडी चाळायची नसते. पाण्यात कालवायची, ताकासारखी पातळ करायची, आणि मग जाळीतून ओतायची. धूळ उडत नाही, आणि काम लवकर होतं. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये मी सगळं पाण्यात चाळते. वासूची चुरी आली की तीही पाण्यात कालवून परत चाळायची, कारण झिलईला तसंही ते करावंच लागतं. म्हणजे त्यानं चाळून पाठवली काय आणि कणीसकट पाठवली काय, मला काहीच फरक पडत नव्हता. अकरा वर्षं. आणि मी त्याला कधी म्हटलं नाही की वासू, आता चाळू नकोस. मुद्दाम नाही हो. मला वाटायचं, खदानीवर यंत्रातूनच तशी निघत असेल. विचारलं कधी नाही. पोतं यायचं, मऊ लागायचं, मी फोन करून म्हणायचे, "वासू, काय सुरेख चुरी पाठवलीस रे." तो खूश व्हायचा.

अजून एक. सांगलीतही काळा दगडच आहे. इथल्या खदानीच्या भुकटीची झिलई मी करून पाहिली होती, उजवी-डावी कळत नाही. तरी मी अकोल्याचीच मागवत राहिले, माहेरची म्हणून.

सिंधूच्या घरी

सिंधू दारातच उभी होती. मला पाहून रडली, मीही रडले. मग तिनं लगेच डोळे पुसून कूलरमध्ये पाणी ओतलं आणि म्हणाली, "अक्का, हात-पाय धुवा, पिठलं-भाकर केली हाये. उद्या गोडधोड हायेच." माझी झिलईची घागर तिनं दोन्ही हातांनी उचलून उजेडात फिरवली. अर्चनानं आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं असावं, कारण ती म्हणाली, "हिच्यात मी चिंच भरतो. लोणचं त लवकर संपते. चिंच सालभर राहीन."

मागच्या खोलीच्या भिंतीला चाळण टांगलेली होती. लाकडी चौकट, आणि जाळीच्या जागी वासूचं जुनं धोतर दुहेरी करून ताणून बसवलेलं. पीठ चाळायची नव्हे, वस्त्रगाळ करायची. मी बघते आहे असं पाहून सिंधू सांगायला लागली. तिचा आवाज इतका कौतुकाचा होता की मला थांबवता येईना.

"दर आयतवारी सकाळी. आंगोळ करून बसे, अक्काचं काम म्हणून. याच खोलीत. दार लावून घे, खिडकी लावून घे. मी म्हणो, अवो पंखा त लावा, मराचं हाये का गरमीनं. त म्हणे, पंख्यानं बारीक उडून जाते, अन् बारीकच त पाहिजे अक्काले. फडकं बांधा म्हटलं त म्हणे, चष्म्यावर वाफ येते, कणी दिसत नाई. दोन-दोन घंटे. बाहेर आला का भुवया, मिशा, सारं राखाडी. मी हासो. म्हणो, आले का म्हादेव भस्म लावून."

ती हसली. मी पण तोंड हसल्यासारखं केलं.

अखजीला सकाळी अर्चनानंच घागर भरली. वासूला मुलगा नाही, पण तिनं कुणाला विचारलंही नाही, न्हाऊन आली आणि बसली. पाटावर गव्हाची रास, तिच्यावर कुंभारणीची तांबडी घागर, वर खरबूज आणि दोन आंबे. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकला. शेजारचे दोन जण पितर म्हणून जेवायला आले. पळसाच्या पत्रावळीवर पोळी, आमरस, चिंचवणी, कुरडया, भजी. आमच्या सांगलीला या दिवशी पुरणपोळी असते आणि दुपारी झोप. वऱ्हाडात या दिवशी घरात गेलेलं माणूस येऊन जेवून जातं, असं वाटायला लागतं. वाढणारी माणसंही हळू बोलतात. तासाभरात घागर बाहेरून ओली झाली, अंगावर थेंब उभे राहिले. अर्चना त्याच्याकडे बघत बसली होती.

दुपारी अर्चना जरा आडवी झाली. सिंधूनं मला मागच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात गोणपाटाखाली अर्धं पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"हे राहिलं होतं अक्का. दसऱ्याच्या आधी चाळलं. मंग बसणं होईना त्याच्यानं. म्हणे, उरलेलं दिवाळीनंतर करतो. एवढं घेऊन जा. तुमच्या कामी येईन."

तिनं पोत्याचं तोंड सोडून मला दाखवलं. पिठासारखी. दसऱ्याच्या आधी, म्हणजे त्याला जिना चढताना दम लागत होता त्या दिवसांतली.

मला वाटलं होतं, सांगू नये. कुणाचं काय भलं होणार सांगून. ती आहे त्या समजुतीत सुखी आहे, तिला आयतवारची सकाळ आठवून हसू येतं. पण ते पोतं हातात घेऊन 'बरं झालं हो ठेवलंस' म्हणणं मला जमेना. मी खाली बसले, आणि सांगितलं. पाण्यात चाळतात हे. तिसऱ्या वर्षी कळलं हे. त्यानं चाळलेली मी परत चाळत होते हेही. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, पोत्याकडे बघत होते.

कूलरचा आवाज चालू होता. मग तिनं विचारलं, "मंजे त्याचं चाळणं फुकट गेलं?"

"हो."

"एक बी कामाचं नाई झालं?"

"नाही, सिंधू."

तिनं पोत्याचं तोंड परत आवळलं. सुतळीचे दोन फेरे घातले, गाठ मारली, दातानं घट्ट केली. पदरानं हात पुसले. मग माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकून बसली, माझ्या ऑपरेशनच्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशी.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी सांगतलं असतं ना, तरी त्यानं आयकलं नसतं. लय हट्टी माणूस होता. म्या कितीक सांगतलं, आयकलं का? डाक्टरचं आयकलं का? कोणाचंच आयकत नोता थो. तुमी त्याचं मनाले लावून घेऊ नका."

मी मान हलवली. तिनं माझा हात धरून ठेवला, अर्चना उठून चहाला हाक मारेपर्यंत.

ते पोतं मी घेऊन आले आहे. शेडमध्ये फळीखाली ठेवलं आहे, गाठ सोडलेली नाही. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघी मुलींना मी कोरडी भुकटी हातातही घेऊ देत नाही, आणि हे वाचणाऱ्यांत कुणी दगडाचं काम करणारं असेल तर त्यांनीही पाण्याशिवाय तिला हात लावू नये.

सिंधू खोटं बोलली. ते तिनं माझ्यासाठी केलं, मला माहीत आहे. वासू हट्टी होता, तिचं ऐकत नव्हता, डॉक्टरांचं ऐकत नव्हता, सलीमभाईचंही ऐकलं नाही. माझं ऐकायचा. बारीक पाहिजे म्हटलं, चौदा वर्षं बारीक आली. पाण्यात चाळ म्हटलं असतं, तर त्यानं पाण्यात चाळली असती.